अर्धा वाफा फुलला, अर्धा नाही

सोलापुरात लॉन सांभाळायचं म्हणजे हत्ती पोसणं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, बोअरचं पाणी मचूळ, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. तरी नवा बंगला झाला की पहिली मागणी लॉनचीच. माझा बागा लावून द्यायचा धंदा आहे, त्यामुळे मी फार बोलत नाही, लावून देतो.

हॉटगी रस्त्यावरच्या एका सरांनी मात्र उलटीच मागणी केली. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलगा अमेरिकेत. त्याच्या अंगणाचा फोटो मोबाइलवर दाखवून म्हणाले, "गवत नको. हे लावा." फोटोत गुडघ्याच्याही खाली राहणारे बुटके, गोल अष्टर होते. जांभळ्या फुलांखाली माती दिसत नव्हती.

मार्केट यार्डात गड्ड्या येतात तो अष्टर वेगळा. तो चायना अष्टर, हंगामी. बी टाका, फुलं काढा, उपटून फेका. जमीन झाकायला लागतो तो बारमाही, मूळचा उत्तर अमेरिकेचा. शेवंतीसारख्याच मुळाशी काश्या, म्हणजे नवी पिल्लं, फुटून तो पसरत जातो. १९९४ पासून शास्त्रज्ञ त्यातल्या बहुतेकांना सिंफायोट्रायकम म्हणू लागले, नर्सरीत अजून कोणी म्हणत नाही. पुण्याकडच्या एका ओळखीच्या नर्सरीवाल्याकडे बुटका जांभळा प्रकार मिळाला. सरांना एक गोष्ट आधीच सांगून टाकली: यावर चालता येणार नाही, नातवंडांनी क्रिकेट खेळायचं तर गच्चीवर.

लावताना खरी मेहनत मातीची होती. आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबलं की याची मुळं कुजतात. म्हणून वरची माती काढून मुरूम आणि शेणखत मिसळलं, वाफा वीतभर उंच केला आणि फूटफूट अंतरावर काश्या लावल्या. पाणी ठिबकनं, कारण पानं भिजत राहिली की त्यांवर बुरशी येते. श्रावण संपेपर्यंत शेंडे खुडत राहिलो. खुडलं नाही तर झाड उंच जातं, मधोमध फाकतं आणि जमीन उघडी पडते. गणपतीनंतर खुडणं बंद, कारण पुढं कळ्या धरायच्या असतात.

दिवाळी झाली आणि सरांचा फोन आला. "निम्मा वाफा फुललाय, निम्मा नुसताच हिरवा आहे. दोन जातीची रोपं दिलीत काय की!" राहिलेले पैसे फुलं आल्यावरच मिळतील हेही सांगितलं.

सकाळीच गेलो. खरंच निम्मा वाफा जांभळा होता. उरलेल्या निम्म्यात एक कळी नाही, पण झाडं आजारीही नाहीत. उलट फुललेल्यांपेक्षा उंच, गडद, तरारलेली, जणू अजून आषाढच चालू आहे. दोन जाती म्हणावं तर सगळी रोपं एकाच खेपेतली, आणि लावताना सगळे क्रेट एकमेकांत मिसळले होते. पहिला संशय युरियावर. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. माळीमामा शपथेवर म्हणाले, युरियाची पिशवी फोडलेलीच नाही. ड्रिपर तपासले, सगळीकडे सारखंच ठिबकत होतं. खुरप्यानं दोन गड्डे उकरले, मुळं पांढरी, निरोगी. ऊनही दोन्हीकडे दिवसभर.

मग लक्ष गेलं ते मधल्या सीमेकडे. फुललेलं आणि न फुललेलं यांच्यामधली रेघ सरळ होती, वाफ्यातून तिरकी गेलेली. रोग असा पट्टी ठेवून येत नाही. मी पोत्यातली पांढरी फक्की घेऊन त्या रेघेवर मारली. तेवढ्यात काकू तुळशीला पाणी घालायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, वृंदावनाच्या मागं तर फुललंय की!" बघतो तर हिरव्या भागात, वृंदावनापासून निघून बाहेरच्या बाजूला रुंदावत गेलेला एक जांभळा पट्टा. त्याच्या कडेनंही फक्की मारली.

सरांना विचारलं, "रात्री इथं दिवा असतो का?" शेजारच्या गल्लीत चोरी झाल्यापासून गच्चीच्या कोपऱ्यावर मोठा एलईडी फ्लडलाइट लावला होता. अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडल्यावर विझतो. म्हटलं, मग मी संध्याकाळपर्यंत थांबतो. मधल्या वेळेत काकूंनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी वाढली, त्यामुळे थांबणं जड गेलं नाही.

दिवा लागला आणि पोर्चच्या स्लॅबची सावली वाफ्यावर पडली. सावलीची कड बरोबर फक्कीवर. वृंदावनाची सावलीही त्याच्या फक्कीत बसली. सावलीत फुलं, उजेडात पाला. मामांनी कपाळावर हात मारला.

शेवंतीच्या पॉलीहाऊसवाल्यांना हे नवीन नाही. ते रात्री दहा ते दोन मुद्दाम बल्ब लावतात, फूल लांबवायला आणि दांडा वाढवायला. शेवंती काय, हा अष्टर काय, लहान दिवसांत फुलणारी झाडं, आणि खरं तर ती दिवस नाही, रात्रीचा सलग अंधार धरतात. मधे उजेड पडला की पानातल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे त्यांच्या लेखी रात्र लहानच राहते. सोलापुरात जूनचा दिवस साधारण तेरा तासांचा, डिसेंबरचा अकराचा. एवढ्या फरकावर यांचं सगळं गणित चालतं, आणि वर दिवा पेटला की ते मोडतं.

सरांनी ऐकून घेतलं. दिवसाच्या लांबीवर फूल ठरतं हे १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं, हे त्यांनीच मला सांगितलं. पण पटलं नाही. "सावली जुळली म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. प्रयोग करू." दिवा बंद करायला तर काकूंचा साफ नकार, चोराची भीती. मग सरांनी मामांकडची लोखंडी घमेली मागितली. उजेडातल्या काही झाडांवर रोज दिवेलागणीच्या आधी घमेलं पालथं घालायचं, सकाळी उन्हं आली की काढायचं. बाजूची झाडं तशीच उघडी. निवृत्त मास्तरांना काम मिळालं की ते सोडत नाहीत. वहीत तारखा, उंची, सगळं.

डिसेंबरात फोन, घमेल्याखालच्या झाडांना कळ्या. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली तेव्हा ती झाडं फुललेली होती आणि त्यांना खेटून उभी असलेली उघडी झाडं हिरवीच. सरांनी फोटो मला पाठवला, मुलालाही पाठवला. पैसे त्याच दिवशी मिळाले. गच्चीवर आता सेन्सरचा दिवा आहे, कोणी हललं तरच लागतो. काकूंना तो जास्तच आवडला, चोर दचकेल म्हणतात.

फुलं सरल्यावर दांडे बोटभर ठेवून छाटले. उन्हाळ्यात वाफ्यावर पाचट अंथरलं, तरी मेमध्ये झाडं कोमेजून बसली आणि लाल कोळीनं पानांचा रस शोषला. ते सोलापुरात धरूनच चालायचं. पावसाबरोबर मुळातून पुन्हा फुटवे आले.

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बंगलेवाल्यांना आता असाच वाफा हवा झाला. जागा पाहिली तर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाच्या बरोबर खाली. त्यांना अष्टरला नाही म्हटलं आणि जमिनीवर पसरणारी वेडेलिया लावून दिली. ती तिथं मजेत पिवळी फुलतेय. फक्त महिन्याला कापावी लागते, नाहीतर गेटबाहेर जाते.