बल्ब पेटतो, पण एमसीबी पडत नाही: आर्थिंगची नोंद, मे ते जुलै

मागच्या नोंदीत वाड्यातल्या मोटारीच्या बॉडीत करंट उतरला आणि आईला झटका बसला, इथपर्यंत सांगितलं होतं. मोटारीला आर्थिंग होती, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) होता, तरी तो पडला नाही आणि मोटार चालूच राहिली. दोन महिने मी याच्याच मागे आहे.

वायरमन नानांनी फेज आणि आर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. "बल्ब पेटस ना भो, मंग आर्थिंग चांगलीच शे." आपल्याकडे यावल-रावेर भागात सगळे असंच तपासतात, मीही तसंच शिकलो.

मग मित्राकडून अर्थ टेस्टर (आर्थिंगचा रोध मोजणारं मीटर) आणला. मेन बंद करून आर्थिंगच्या, जमिनीत पुरलेल्या पाईपची तार सोडवली. टेस्टरचा करंटचा खिळा पाईपपासून ३० मीटरवर, व्होल्टेज मोजणारा दुसरा साडेअठरा मीटरवर. मधला खिळा दीड-दीड मीटर मागे-पुढे सरकवूनही आकडा फारसा हलला नाही, म्हणजे तो धरायला हरकत नव्हती: ३८ ओहम. मे महिना होता, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, पाईपभोवतीही बोटभर फट.

आता हिशोब. फॉल्टचा करंट जमिनीत "जिरत" नाही, तो जिथून आला तिथेच परत जातो. डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) फेजने मोटारीपर्यंत, बॉडीतून आर्थिंगच्या तारेत, पाईपमधून मातीत, मातीतून डीपीच्या आर्थिंगला आणि तिथून न्यूट्रलला. डीपीकडचे ४ ओहम धरले (हा माझा अंदाज) तर वाट झाली ४२ ओहमची. २३० भागिले ४२, साडेपाच अँपिअर. १६चा एमसीबी एवढ्या करंटला कशाला हलेल? आणि त्या वेळी बॉडीवर २०० व्होल्टच्या वर. आईचा हात तिथे लागला होता. हा आकडा वहीत लिहून मी बराच वेळ तसाच बसलो.

बल्ब का फसवतो तेही यातच आहे. पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम. त्यापुढे ३८ म्हणजे काहीच नाही, बल्बला २१० व्होल्ट तरी मिळतातच. आर्थिंग १०० ओहमची असती तरी तो पेटलाच असता. नानांचा बल्ब पेटलेला असताना मी पाईप आणि लांब ठोकलेल्या खिळ्यामध्ये मीटर लावला, तर १५ व्होल्ट दिसले. बल्बच्या ०.४ अँपिअरला १५ व्होल्ट, यातूनच ३८ ओहम निघतात.

जूनमध्ये पाच मीटरवर दुसरा जीआय पाईप घातला, मीठ-कोळशाचे थर दिले, तारा जोडल्या. पाऊस पडल्यावर १४ ओहम. आनंद झाला, पण हिशोब पुन्हा मांडला तर जेमतेम १३ अँपिअर आणि बॉडीवर १८० व्होल्ट. सी कर्व्हचा (म्हणजे पाच ते दहा पट करंटला लगेच पडणारा) १६ अँपिअर एमसीबी लगेच पडेल याची खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात, म्हणजे अख्खी वाट दीड ओहमच्या आत. दोन-चार पाईपांनी हे होणार नाही. खड्डे खणण्यात गेलेला महिना वाया गेला असं म्हणणार नाही, पण उत्तर तिथे नव्हतं.

उत्तर आरसीसीबी: फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा नसला की लाइन तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा बसवला, प्लग आणि मोटारीच्या लाइनवर. ३८ ओहमवरही ३० मिलिअँपिअरला बॉडीवर सव्वा व्होल्टसुद्धा येत नाही. म्हणजे मेमधल्या भेगाळलेल्या मातीतही तो काम करेल.

बसवला त्या रात्रीच अडचण. जिन्यातला ९ वॅटचा एलईडी लावला की आरसीसीबी पडायचा. दोन संध्याकाळी गेल्या. जुन्या वायरिंगमध्ये त्या दिव्याला फेज लाइटच्या लाइनचा आणि न्यूट्रल जवळच्या प्लगच्या बॉक्समधून घेतलेला निघाला. गेलेला करंट एकीकडे, आलेला दुसरीकडे, आरसीसीबीच्या दृष्टीने तो फॉल्टच. न्यूट्रल वेगळा ओढला, थांबलं.

आणखी एक: आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण आर्थिंगची तार तुटलेली असली तरी चालतं. त्यावरून आर्थिंग ठीक आहे असं धरू नका. मी मोटारीच्या प्लगमध्ये फेज आणि आर्थिंगमध्ये १० वॅटचे रेझिस्टर लावून पाहिले. १५ किलोओहमला पडला नाही, १० किलोओहमला, म्हणजे २३ मिलिअँपिअरला, टक्कन पडला. नाना शेजारीच उभे होते, त्यांनी तो स्वतः पुन्हा लावून पाहिला.

पुढची नोंद शेतातल्या थ्री फेज मोटारीची. तिथे न्यूट्रल पोचतच नाही, त्यामुळे चार पोलचा आरसीसीबी कसा जोडायचा ते आधी कागदावर काढतोय.