सुया पुरतील, गाण्यांचं काय?

निर्जन बेटावर एकट्यानं राहायचं झालं, तर सोबत कोणती आठ गाणी न्याल? प्रश्न दिसतो गमतीचा, पण कुणालाही विचारून बघा, माणूस एकदम गंभीर होतो. खायचं काय, गोडं पाणी कुठून आणायचं, साप-विंचू असतील का, यातलं काही कुणी विचारत नाही. थेट विचारतात, "आठच?"

आठचा आकडा बीबीसीचा. रॉय प्लमली यांनी जानेवारी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. पाहुण्यानं आठ तबकड्या निवडायच्या आणि त्याच का, ते सांगायचं. पुढे त्यात एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तूही आली. बेटावर ग्रामोफोन आहे आणि सुयांचा न संपणारा साठा आहे असं धरून चाला, असं प्लमली पाहुण्याला सांगायचे. मला ही सुयांची तरतूद फार आवडते. त्या काळी पोलादी सुई तबकडीची एक बाजू वाजवली की बदलावी लागे, नाहीतर तबकडी खरवडून निघे. माणूस बुडत्या जहाजातून कसाबसा किनाऱ्याला लागलाय आणि यांना काळजी सुयांची! पण काळजी रास्त होती. बाकी सगळं बेटावर शोधता येईल, सुई कुठून आणणार?

सुया पुरतील हो, गाणी पुरतील का? गाणं ४ मिनिटांचं धरलं तर आठ गाणी ३२ मिनिटांत संपतात. जागेपणीचे १६ तास धरले तर दिवसाला ३० फेऱ्या. महिन्याभरात प्रत्येक गाणं ९०० वेळा. दिवसभर कुणी ग्रामोफोनपाशी बसून राहणार नाही हे मान्य, लाकडं गोळा करणारं दुसरं कुणी नसतं. तरी निम्म्यानं धरा, चौथाईनं धरा, आणि मग आपल्या लाडक्या गाण्यांकडे पुन्हा एकदा बघा. माझी पहिली यादी या हिशेबातच कोसळली. कारण कितीतरी गाणी आपल्याला आवडतात ती अवचित कानावर पडतात म्हणून. कुणाच्या तरी खिडकीतून, कुठल्या तरी गाडीतून, वर्षानुवर्षं गायब असलेलं गाणं अचानक येतं आणि आपण जागच्या जागी थबकतो. बेटावर अवचित काही येणार नाही. सुई आपणच ठेवायची आणि पहिला सूर कोणता हे आपल्याला आधीच ठाऊक.

शिवाय पहिली यादी नेहमी लोकांसाठी असते. त्यात एक शास्त्रीय, कान तयार आहे हे कळावं म्हणून. एक परदेशी, आपण कोत्या मनाचे नाही हे दिसावं म्हणून. आणि एक थोडं थिल्लर, म्हणजे बाकीच्या सातांचा मोठेपणा अंगावर येत नाही. बेटावर ही यादी वाचायला आहे कोण? खेकडे?

दुसरी यादी जरा प्रामाणिक होते, आणि ती बहुतेक सगळी तरुणपणात जाऊन पडते. या कार्यक्रमातल्या पाहुण्यांच्या निवडीचा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा जवळपास निम्मी गाणी वयाच्या १० ते ३० या काळाशी बांधलेली निघाली. यात नवल नाही. त्या वयात गाणं नुसतं ऐकलं जात नाही, ते कुणाच्या तरी नावावर जमा होतं. पण म्हणूनच ही यादी मला धोक्याची वाटते. अशा प्रत्येक गाण्यातून एक माणूस बाहेर येतो आणि गाणं संपलं की निघून जातो. दिवसातून इतक्या वेळा निरोप घ्यायचा म्हणजे कठीणच.

मग मी एक नियम केला. जे पाठ आहे ते न्यायचं नाही. शब्द आणि चाल तोंडपाठ असलेलं गाणं तबकडीत कशाला कोंबायचं? ते डोक्यातून थोडंच कुणी काढून घेणार आहे? लाकूड तोडताना गुणगुणावं, कुणी ऐकत नाही. आठ जागा राखायच्या त्या माझ्या गळ्याच्या आवाक्याबाहेरच्या संगीतासाठी. माझ्या गळ्यातून एका वेळी एकच सूर निघतो, तोही बेभरवशाचा. सतार आणि तबल्याची जुगलबंदी, शेदीडशे वाद्यांचा वाद्यवृंद, एकमेकांत गुंतलेले चार-सहा आवाज, हे काही मला एकट्याला जमणार नाही.

नियम मला इतका पटला, की त्यातली खोट दिसायला वेळ लागला. पाठ आहे असं आपण म्हणतो तेव्हा पाठ असतो तो मुखडा. पहिला अंतरा निम्मा येतो, दुसऱ्यात आपण ला-ला करतो आणि मधले वाद्यांचे तुकडे तर आपल्या सोयीनं कापून टाकतो. कुणी दुरुस्त करणारं नसेल तर वर्षभरात चाल कुठल्या कुठे जाईल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या गाण्यात आवाज माझा असेल. बेटावर एका आवाजाचा कंटाळा सगळ्यात आधी येणार, तो माझ्याच.

इथे मला एलिझाबेथ श्वार्त्सकोफ आठवतात. या थोर गायिकेनं १९५८ मध्ये निवडलेल्या आठांपैकी सात तबकड्या स्वतःच्याच गाण्याच्या होत्या. तेव्हापासून आत्मप्रौढीचा दाखला म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला तितकंसं पटत नाही. त्या तबकड्यांत त्या एकट्या कुठे होत्या? सोबत गाणारे होते, वाजवणारे होते, वाद्यवृंद सांभाळणारा होता. एकटीनं बेटावर जायचं तर आपण जिथे चारचौघांत होतो त्या जागा बरोबर न्याव्यात, यात गैर काय?

रागसंगीताची एक वेगळीच सोय आहे. भैरव सकाळचा, मारवा सूर्यास्ताचा, मालकंस रात्रीचा. वेळ सांगायला बेटावर सूर्य आहेच, पण दिवसाला कप्पे पाडणारं काही लागतं, नाहीतर सगळा दिवस एकसंध पसरतो. फेऱ्यांचा प्रश्नही आपोआप सुटतो, कारण मारवा सकाळी लावायचाच नाही, कितीही मोह झाला तरी. (तासाभराचा ख्याल एकच गाणं धरायचा का? मी धरतो. पहिल्या काळातल्या तबकडीच्या एका बाजूत तीन-चार मिनिटंच मावत, पण तो दोष तबकडीचा, ख्यालाचा नाही.)

भैरवी मात्र मी नेणार नाही. ती लागली की मैफल संपते, आणि मैफल संपल्यावर बेटावरून जाणार कुठे? ज्यांना परत यायचंच नाही त्यांनी ती न्यावी. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर अंतराळयानं निघाली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली होती. जगभरातलं सुमारे दीड तासाचं संगीत तिच्यात आहे, आणि त्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. यानं ग्रहांच्या पार पलीकडे पोचली आहेत. निवड करणाऱ्यांनी यादी आपल्यासाठी नाही, अनोळखी ऐकणाऱ्यासाठी केली होती, आणि तबकडीसोबत ती वाजवायची सुईही धाडली. प्लमली खूश झाले असते.

माझी यादी आता अर्धीअधिक प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची झाली आहे. स्टुडिओतलं गाणं स्वच्छ असतं, पण त्यात गाणारा आणि वाजवणारे सोडले तर कुणी नसतं. मैफलीत तानपुरे लागताना कुणी बोलत असतं, खुर्ची सरकते, तबलजी हातोडीनं ठोकून तबला मिळवत असतो. समेवर गायक बरोबर येऊन पडतो आणि पुढच्या रांगांतून 'वा' येते. एखादा जरा घाईनं दाद देतो, सम अजून लांब असताना, तो तर मला घरच्यासारखा वाटतो. कार्यक्रमाचा नियम असा, की चैनीची वस्तू निर्जीव असावी आणि बेटावरून पळून जायला किंवा बाहेर निरोप धाडायला तिचा उपयोग होऊ नये. म्हणजे सोबतीला माणूस न्यायला सरळ बंदी. पण भरलेला दिवाणखाना तबकडीत घालून न्यायला बंदी कुठे आहे? आलाप ऐन रंगात असताना खोकणारा तो गृहस्थही त्यात आलाच. त्याच्याशी भांडायला निदान रोजचं एक कारण राहील.

आठांपैकी पाच जागा मी अशा मैफलींना दिल्या आहेत. उरलेल्या तिनांवरून घरात अजून वाद चालू आहे, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी एकालाही बेटावर यायचं नाही.