तुम्ही विचारलंत म्हणून: 'गॅरेजला का नाही दिलीस?'

लग्नात भेटलेला चुलतभाऊ विचारतो, बँकेतले सहकारी विचारतात. समोरचे काका तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवलेली दिसली की कुंपणाशीच येऊन उभे राहतात. "एवढ्याशा रबरी बुटासाठी सुट्टी चिखलात घालवतोस? चिपळुणात गॅरेजं काय कमी आहेत?" बूट म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं, सीव्ही जॉइंटवरचं, रबरी आवरण; आत ग्रीस धरतं, बाहेरची माती अडवतं.

आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे 'पैसे वाचतात'. ते खोटं आहे. बुटाचं किट काहीशे रुपयांचं, पण एक्सल नटाचा मोठा सॉकेट, नट ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क पाना, दोन घोड्या आणि क्लॅम्प आवळायची पक्कड यांची बेरीज मी घरात अजून सांगितलेली नाही.

खरं कारण एका वाक्यात आहे. पावसाळ्यात डाव्या चाकाचा, बाहेरच्या बाजूचा बूट फाटला. रिमच्या आतून काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की कट-कट-कट. मेकॅनिकने आवाज ऐकला आणि म्हणाला, "बूट टाकून उपयोग नाही साहेब, अख्खा शाफ्टच टाकू." मी म्हटलं, एकदा उघडून तर बघू या. तो म्हणाला, "उघडून काय बघायचंय त्यात?"

माणूस लबाड नव्हता, हेही सांगतो. जॉइंट धुऊन परत भरला आणि चार महिन्यांनी वाजला, तर शिव्या त्यालाच बसणार. शाफ्ट बदलला की त्याची झंझट मिटते. पण न उघडता लावलेला निकाल माझ्या गळी उतरला नाही. गाडी तशीच हळूहळू घरी आणली.

शाफ्टला चाकाशी धरून ठेवणाऱ्या एक्सल नटाचं फार सांगत नाही. त्याची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी उचलावी लागते. मग चाक जमिनीवर असतानाच, मुलाला ब्रेकवर बसवून, पान्याला पाइप लावून तो सैल करायचा. खालचा बॉल जॉइंट सुटला, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढली आणि शाफ्टचं टोक मोकळं झालं. जॉइंटच्या आतल्या रेसवर, म्हणजे खाचांच्या कड्यावर, पितळी रॉड टेकवून ठोकल्यावर सरक्लिपने (शाफ्टवरच्या स्प्रिंगच्या रिंगने) पकड सोडली आणि जॉइंट हातात आला.

त्याच्या आत ग्रीस नव्हतंच. लाल गिलावा होता. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला जांभ्याची माती, पावसात ती चाकाबरोबर उडते आणि फाटलेल्या बुटाच्या घडीतून थेट आत जाते. बोटावर घेऊन चोळलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरलं. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून डिझेल घेतलं. ओट्यावरचा जुना टोप त्यासाठी कायमचा माझा झाला, त्यावरून जे व्हायचं ते झालं. छर्रे जागेवर धरणारा पिंजरा तिरपा करून एकेक छर्रा काढला. सहा छर्रे, सहा खाचा. कोणता कुठल्या खाचेतला ते लक्षात राहावं म्हणून पिंजऱ्यावर आणि रेसवर रंगाचे ठिपके दिले होते, कारण इतकी वर्षं ते आपापल्या खाचेतच घासले गेलेले. डिझेल लाल होत गेलं. बदललं, परत लाल. दुपार झाली, जेवायला दोनदा हाक आली. मी दारात बसून उजेडाकडे धरून एकेक खाच बघत होतो, नख फिरवत होतो. चार खाचा गुळगुळीत. पाचवीत नुसती चकाकी. सहावीत मात्र नख अडकलं. तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल, पण खड्डा होता.

तिथेच खरं अडलं. मेकॅनिकचा निकाल बरोबर निघाला होता म्हणायचं, की सहापैकी पाच खाचा चांगल्या म्हणून चुकीचा? मुलगा म्हणाला, "बाबा, मग आता टाकायचा का?" मी उत्तर दिलं नाही. छर्रे पुसत राहिलो.

शेवटी परत घातला. किटमधलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस आधी छर्ऱ्यांमध्ये दाबून भरलं आणि उरलेलं बुटात. इथे बेअरिंगचं पिवळं ग्रीस खपवतात, ते चालत नाही. क्लॅम्प आवळण्याआधी बुटाचं तोंड किंचित उचलून कोंडलेली हवा सोडली, सरक्लिप नवी टाकली, नट नवा. आवाज गेला. म्हणजे जवळजवळ गेला. कुंभार्ली घाटात डावीकडच्या आवळ वळणावर चढताना मला एखादी कट ऐकू येते. बायको म्हणते, भास आहे.

वीस वर्षांपूर्वीचा मी यावर हसला असता. 'झिजलेलं परत कशाला घालायचं, नवीन टाका आणि मोकळे व्हा' म्हणणारा तो, आणि त्याचं अजूनही ऐकू येतं. तो म्हणतो, जॉइंट तुटला तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांमुळे) सगळी ताकद त्या सुट्या टोकालाच जाईल, इंजिन गुरगुरेल आणि गाडी हलायची नाही. भर घाटात, रात्री, पोरं आत. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणतो की तुटायच्या आधी जॉइंट जोरात बोलतो, आणि मी ऐकत असतो. तो म्हणतो, ऐकतोस कशाला, शाफ्ट टाकला असतास तर गाणी ऐकली असतीस.

वडिलांच्या पद्मिनीला हे दुखणं नव्हतं. ताकद मागच्या चाकांना, वळायचं पुढच्यांनी. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि ओढणं-वळणं दोन्ही पुढच्याच चाकांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून हा बूट आपल्या मागे आहे. पण "जुन्या गाड्या बऱ्या" असं मला म्हणायचं नाही. पद्मिनी ढकलण्यात माझं बालपण गेलंय.

तर का नाही दिली गॅरेजला? आत काय आहे ते बघायचं होतं, एवढंच. बघितलं म्हणून निर्णय अधिक शहाणा झाला, असा दावा नाही. कदाचित त्या मेकॅनिकला नुसत्या आवाजातून जे कळलं, तेच मला एक दिवस आणि एक टोप खर्चून कळलं.

आता उजव्या बुटाच्या घड्यांत तडे दिसायला लागलेत. या वेळी गॅरेजला देईन, असं घरी कबूल केलंय. किट मात्र आणून ठेवलंय.