उलटा एन

नाना गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले तेव्हा गोव्यातल्या फोंड्यात पाऊस कोसळत होता. गाव त्यांचं सत्तरीत, वाळपईच्या पुढं. तिकडून आमच्या दुकानात दुरुस्तीला येतात त्या बहुतेक शेतराखणीच्या बाराबोर. गोणपाटातून निघाली मार्टिनी-हेन्री! लिव्हर खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक खाली झुकतो, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर, बार. पुढच्या बाराला पुन्हा पहिल्यापासून. १८७१ साली इंग्रजी फौजेनं हीच घेतली होती.

"१८९५ च्या बंडातली आहे," नाना म्हणाले. आफ्रिकेत जायला नकार देऊन पोर्तुगीज फौजेतले मराठा शिपाई सत्तरीतल्या राणे घराण्याला मिळाले, त्या वेळी ती आजोबांच्या हाती लागली म्हणे. "हिची काडतुसं आता मिळत नाहीत. ३१५ बोरचं बसेल असं कर. दसऱ्याला पूजेत ठेवतो, पण मुकी बंदूक कसली रे?"

लायसन तपासलं, पावती केली आणि तिथंच सांगितलं, "नाना, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, कोरून मोठं करता येतं, लहान नाही." हिची नळी ४५० ची, म्हणजे ०.४५० इंच रुंद, त्यात ०.३१५ इंचाची गोळी खुळखुळेल. नळीत नवी नळी बसवावी लागते. शिवाय मूळ काडतूस काळ्या दारूचं, सुमारे साडेपाच ग्रॅम दारू आणि ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. ३१५ मध्ये बिनधुराची दारू, दाब कितीतरी जास्त. नानांनी मान हलवली, पण ऐकलं नाही. "तू बघ तरी."

बघितलं. दस्ता काढायला हातभर लांब पेचकस लागतो, कारण त्याचा बोल्ट मागून थेट आरपार जातो. तो गंजून बसला होता. रॉकेल आणि मोबिल ऑइल घालून दोन रात्री ठेवला तेव्हा हलला. मग चेंबरमध्ये वितळलेलं गंधक ओतून साचा काढला. (शेजारच्या बेकरीवाल्यानं वासावरून अख्खी आळी गोळा केली, ते सोडा.) साचा हातात आला तो एका अंगाला कललेला. चेंबर नळीच्या मध्यावर नव्हतंच. कारखान्यातल्या यंत्रानं असं होत नाही, हातानं कोरताना होतं.

आता शंका आली. उजव्या बाजूला कुणीतरी काळा ऑइलपेंट थापला होता. तो थिनरनं हळूहळू उतरवला. मुकुट दिसला, खाली व्ही. आर., म्हणजे राणी व्हिक्टोरिया. एनफिल्ड, म्हणजे इंग्रजांचा बंदुकांचा कारखाना. साल १९०४.

मी भिंग आणलं. राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये. आणि एनफिल्डमधला एन उलटा, आरशात दिसावा तसा.

पेशावरकडच्या डोंगरात, दर्रा आदमखेल भागात, कारागीर घरच्या भट्टीवर इंग्रजी बंदुकांच्या नकला करत. कानशीनं बंदूक हुबेहूब घडवत, पण इंग्रजी अक्षरं येत नसल्यानं शिक्क्यात अशा चुका राहत. आतल्या बाजूला मी कानस लावून पाहिली, पोलाद लगेच खरवडलं गेलं. त्यात ३१५ चा बार म्हणजे वाजवणाऱ्याचा गाल जायचा. मी काम नाकारलं. उलट ती कधी वाजवूही नये, असं पावतीवर लिहून दिलं.

नानांना भिंगातून दाखवलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजोबांचा धाकटा भाऊ इंग्रजांच्या पलटणीत होता. पेशावरकडं. आमच्या घरी त्याचं नाव कुणी घेत नसे."

"मग ही त्यांचीच असेल."

"बंदूक त्याची आणि गोष्ट राण्यांची," ते हसले. "अक्षरं घासू नको हां."

घासली नाहीत. गंज तेवढा काढला, आणि दस्त्याला तीनदा अळशीचं तेल दिलं.