येळवसच्या पत्रावळीवरचे पाहुणे

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या लातूर भागात गावात कुत्रंसुद्धा घरी राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव, त्यांना निवद दाखवायचा, चोहीकडं आंबील शिंपडायची आणि मग भज्जी (कडधान्यं न पालेभाज्यांची मिसळ भाजी), उंडे, खीर दाबून हाणायचं. यंदा जेवताना मामा म्हणाले, "बग, सगळं गावरान, एक बी गोष्ट भाईरची न्हाई." मला राहवलं नाही. फोनवर उगंच काहीबाही वाचत बसायची वाईट सवय आहे, त्यातलं बाहेर पडलंच.

म्हटलं मामा, आंबिलीतली ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानकडची, उंड्यांची बाजरी पण तिकडचीच, सहाराच्या वाळवंटाखालच्या पट्ट्यातली. भज्जीतली चिंच आफ्रिकेची, आणि तिला अरबांनी नाव काय ठेवलं तर 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर! हरभरा तुर्कस्तानातला. कारळाची चटणी तर थेट इथिओपियाची, आणि तिथलाच माणूस म्हणजे मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद झालं. म्हणजे माणसं पण तिकडची न चटणी पण.

"काय सांगलालास!" मामांचा हात उंड्यावरच थांबला.

मिरचीचं ऐकून मात्र मामी खवळली. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, म्हणजे १४९८ नंतरच. नाव सुद्धा मिऱ्यावरून उसनं घेतलेलं. आता विचार करा, वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, वरून खाली एकाच डोंगरातून कोरलेलं, ते कोरणाऱ्यांच्या भाकरीवर ठेचाच नव्हता. गंगाखेडच्या जनाबाईनं दळलं, कांडलं, पण तिखट म्हणून मिरची काही कुटली नाही. एवढा मोठा डोंगर ठेच्याशिवाय फोडला हेच मला तर जास्त नवल वाटतंय. आणि गंमत म्हणजे पोपट मिरची मिटक्या मारत खातो कारण पाखरांना तिचा तिखटपणा लागतच नाही, झाडानं तो आपल्यासारख्या चावून बी चिरडणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. बी सबंध लांब नेऊन टाकतंय ते पाखरू, माणूस नुसता नाक पुसतोय.

शेंगदाण्याचं तर नावच फसवं. मामा म्हणतात भुईमूग जमिनीत पिकतो, बरोबरच हाय, पण पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, मग फुलाच्या बुडातून आरी, म्हणजे टोकदार दांडी, सुटते, ती खाली वाकून मातीत घुसते, आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग धरते. मी लहानपणी एक आरी उचकून बघितली होती, टोक सुईसारखं टोचत होतं, आजीनं लगेच पाठीत धपाटा घातला, "नासवलास की रं." हे पण दक्षिण अमेरिकेतलं.

आणि ज्याच्यावर आपण एवढा मिजास मारतो ते बीडच्या बालाघाटातलं सीताफळ, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, तेही अमेरिकेचंच! तिकडून आलं आणि इथं येऊन सीतामाईचं झालं. त्याचा भाऊबंद आला तो रामफळ. जालन्याच्या मोसंबीच्या नावात तर मोझांबिक लपलंय म्हणतात.

"मग आपलं काय हाय रं?" मामांचा चेहरा पडला होता, मलाच वाईट वाटलं.

म्हटलं, तीळ आपला. आणि तूर. तुरीचं रानटी भावंड अजून बस्तर-ओडिशाकडच्या जंगलात उगवतं, ती पक्की इथलीच.

मामा काही बोलले नाहीत. उठले, बांधाकडं गेले, उभ्या तुरीच्या चार-पाच हिरव्या शेंगा ओरबाडून आणल्या आणि माझ्या पत्रावळीवर टाकल्या. "घे. घरचं खा."