छत्तिसाव्या नंबरचा लाइनबॅकर

शनिवार, रात्री उशिरा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्सचे 2018 च्या हंगामातले जुने सामने लावून बसले आहे. सामने म्हणायचे, पण नजर आहे ती एकाच जर्सीवर, 53 नंबरच्या. हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहणारा खेळाडू, तेव्हा डॅरियस लिओनर्ड या नावाने खेळायचा. 2022 पासून शॅकिल हे मधलं नाव लावतो.

त्याची एक लकब मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघते. बॉल घेऊन पळणाऱ्याला तो एका हाताने कवळ घालतो आणि त्याच झटक्यात दुसऱ्या हाताची मूठ आवळून बॉलवर ठोसा हाणतो. बॉल काखेतून निसटतो, जमिनीवर वेडावाकडा उसळतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. समोरचा माणूस खाली आला की बहुतेक खेळाडूंचं काम झालेलं असतं. याला माणूस हवा असतो आणि बॉलही. हात लांबलचक, त्यांचा असा पुरेपूर उपयोग करणारा लाइनबॅकर मी तरी दुसरा पाहिला नाही.

हा मुलगा साउथ कॅरोलिना स्टेटचा. ऑरेंजबर्गमधलं हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ. मोठ्या कॉलेजांच्या झगमगाटापासून लांब, पण हॅरी कार्सनसारखा लाइनबॅकर तिथूनच आला होता. तरीही 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोल्ट्सनी दुसऱ्या फेरीत, एकूण 36 व्या क्रमांकावर लिओनर्डला घेतलं तेव्हा ‘इतक्या लवकर कशाला?’ अशी टीका झालीच. छोट्या कॉलेजातून आलेल्या पोराला आपली लायकी दोनदा सिद्ध करावी लागते, याचा मला आजही राग येतो.

लाइनबॅकरचं काम बाहेरून धसमुसळं दिसतं. खरं काम बॉल हलल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात होतं. समोरचा गार्ड, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला खेळाडू, पुढे झेपावला की मागे सरकला? मागे सरकला तर पास, पुढे आला तर पळ. कबड्डीत कोपरारक्षक चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवतो, तसं हे वाचन. इथे चकलात की दहा-बारा यार्ड गेलेच. नवख्या खेळाडूला हे जमायला वेळ लागतो. लिओनर्डला लागला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात, 16 सप्टेंबरला, वॉशिंग्टनच्या मैदानावर त्याने 18 टॅकल केले (बॉलवाल्याला खाली पाडलं), एक सॅक काढली (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडलं) आणि एक फम्बलही घडवला (बॉल हातातून सोडवला). कोल्ट्स 21-9 जिंकले. हा सामना मी आज सगळा पाहिला. शेवटच्या क्वार्टरमध्येही पोरगा पहिल्या डावासारखाच धावत होता.

हंगामाअखेर 163 टॅकल, सगळ्या लीगमध्ये पहिला. तेही दुखापतीमुळे एक सामना हुकलेला असताना. आता, टॅकलच्या आकड्यावर माझा फार विश्वास नाही. बचावफळी जास्त वेळ मैदानात राहिली की तो आपोआप फुगतो, आणि आठ यार्ड दिल्यावर केलेला टॅकलही मोजला जातोच. म्हणून मी त्याच्याशेजारचे आकडे बघते: 7 सॅक, 2 इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच पकडणं), 4 फम्बल घडवलेले. क्वार्टरबॅकवर धावून जाणं, मागे हटून पास पकडणं आणि बॉल हिसकावणं या तिन्ही गोष्टी एका नवख्याने एकाच हंगामात केल्या. 2007 मध्ये पॅट्रिक विलिस आणि 2012 मध्ये ल्यूक कीकली यांनीही पहिल्याच वर्षी टॅकलमध्ये लीगमध्ये पहिला नंबर काढला होता, पण ते दोघे पहिल्या फेरीतले, मोठ्या कॉलेजांतले.

आणि कोल्ट्स! आदल्या वर्षी 4 विजय आणि 12 पराभव, या वर्षी सुरुवात 1-5. फ्रँक राइक पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक झालेला. क्वार्टरबॅक अँड्र्यू लक खांद्याच्या दुखण्यातून परतला होता हे खरंच, पण पुढच्या दहातले नऊ सामने जिंकले त्यात बचावफळीचा वाटा मोठा होता. डिसेंबरमध्ये डॅलसला तर 23-0 असं कोरडंच परत पाठवलं.

एवढं सगळं करून प्रो बोलच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, संघात मात्र लिओनर्डचं नाव नव्हतं! त्या निवडीत चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा तिघांची मतं धरतात, आणि तिघांनी मिळून त्याला बाहेर ठेवलं. नंतर असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी त्याला ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या, पहिल्या संघात घेतलं, सर्वोत्तम नवखा बचावपटूही ठरवलं. त्याच संघात त्याचा सहकारी, गार्ड क्वेंटन नेल्सनही होता. एकाच क्लबचे दोन नवखे एकाच वर्षी तिथे पोचल्याचं त्याआधीचं उदाहरण 1965 चं, शिकागोचे डिक बटकस आणि गेल सेयर्स.

पुढचं ठाऊक असल्यामुळे आज बघताना जीव गलबलतो. 2022 मध्ये पाठीच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाय पूर्वीसारखे पळेनात, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कोल्ट्सनी त्याला सोडलं. तोवर तीनदा ऑल-प्रोचा पहिला संघ गाठून झाला होता. लोक त्याच्या घसरणीबद्दलच बोलतात. मी मात्र नव्याने हा खेळ बघणाऱ्या कुणालाही आधी हाच हंगाम दाखवीन, सुरुवात वॉशिंग्टनच्या सामन्यापासून. ह्यूस्टनविरुद्धचा प्लेऑफचा सामना, 21-7 चा, उद्या सकाळी बघायचा आहे.