आमची वाटचाल: सुटे भाग विकण्यापासून यादी तपासण्यापर्यंत

साताऱ्यातलं आमचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान इंटेलच्या जुन्या सॉकेट ७७५ च्या काळातलं (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा). गिऱ्हाईक म्हणजे डीटीपीवाले, सायबर कॅफे आणि शाळांच्या लॅब. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीतून यायचा. तेव्हा पैसे भाग विकून मिळत, असेंब्ली जवळजवळ फुकट असायची. आता बरेच जण भाग ऑनलाइन मागवतात आणि आमच्याकडे येतात ते भागांची यादी तपासून घ्यायला आणि मशीन असेंबल करून न्यायला. पहिलंच मशीन घरी जोडणाऱ्यांची संख्या त्यात मोठी आहे.

इतक्या पिढ्या बदलल्या तरी एक गैरसमज टिकून आहे: सॉकेट जुळलं की बोर्ड (मदरबोर्ड) जुळला. ७७५ मध्ये ९४५ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) कितीतरी बोर्डांवर पेंटियम फोर चाले, पण त्याच सॉकेटचा कोअर टू ड्युओ लावला की डिस्प्ले येत नसे. बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर त्याच्यासाठी नसायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली, सॉकेट ११५१च, तरी तिला ३०० मालिकेचा बोर्डच लागला. सेकंडहँड भाग घेणारे आजही इथे फसतात.

त्याच वर्षी एएमडीचे रायझन एएम४ सॉकेटवर आले आणि ते सॉकेट अनेक वर्षं टिकलं. इथे अडचण बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची. दुकानात पडून राहिलेल्या बी४५० बोर्डावर रायझन ५६०० बसतो, पण बायोस जुना असेल तर मशीन उठत नाही. इंटेलच्या बी६६० बोर्डाचं तेराव्या पिढीच्या प्रोसेसरशी तसंच. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं. नसेल तर चालणारा जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रोसेसरच्या नावापुढे बायोसचा आकडा दिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय आम्ही यादीवर टिक करत नाही.

आता रॅम. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. बऱ्याच मॉडेलच्या नावात डी४ असं लिहिलेलं असतं, ते नसलं की बहुधा डीडीआर ५. दोन्ही रॅमना २८८ पिनाच, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवली तर स्लॉट जातो. त्यांच्या नंतरच्या एएम५ (एएमडी) आणि एलजीए १८५१ (इंटेल) सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर ५. चार स्लॉट असले तरी दोनच काड्या घ्या, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चार डीडीआर ५ काड्या लावल्या की वेग बराच खाली येतो. ६००० वेगाची रॅम सुरुवातीला ४८०० वर चालते. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करावं लागतं. एएम५ पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी आपोआप जुळवून घेतो त्यामुळे) काही मिनिटं पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नका.

नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. इंटेलचा १२४००एफ घेतला आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला घेऊ म्हटलं तर तोपर्यंत डिस्प्लेच नाही. एएम४ चा साधा ५६०० तसाच. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे. एफ थोडा स्वस्त असल्यामुळे यादीत तोच जास्त दिसतो.

एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) लोक सर्वांत जास्त काटकसर करतात, आणि आमचा सर्वांत जास्त वादही तिथेच होतो. हिशोब साधा आहे. रायझन ७६०० पूर्ण भारावर ८८ वॉट, आरटीएक्स ४०६० कार्डाचे ११५, बोर्ड, पंखे आणि एसएसडीचे साधारण ६०; मिळून २६५ च्या आसपास. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्याच्या लेबलवर ४५० छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर वेगळ्या असतात. मॉड्युलर (वायरी काढता येणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या वायरी वापरू नका: एका टोकाला सारख्या दिसल्या तरी दुसऱ्या टोकाची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि त्यात हार्ड डिस्क जळू शकते.

कूलरचं लहानसं गणित: एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटरवर, त्याआधीच्या १२०० ची ७५ वर, म्हणून जुना कूलर नव्या किटशिवाय बसत नाही. कॅबिनेट घेताना तीन मापं बघा: बोर्डाचा आकार (एटीएक्स ३०५ बाय २४४, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४), कूलरची उंची आणि कार्डाची लांबी. कार्डाला ३३० मिलिमीटर जागा लिहिली असेल आणि पुढे वॉटर कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर तो २७ आणि पंखा २५ धरून उरतात २७८.

एम.२ एसएसडी (बोर्डावरच सपाट बसणारी डिस्क) वेगवान एनव्हीएमई प्रकारची आहे की जुन्या साटा प्रकारची, आणि बोर्डाचा तो स्लॉट कोणती घेतो, हे मॅन्युअलमध्ये असतं. काही बोर्डांवर एम.२ लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. डिस्क सापडत नाही म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये हे प्रकरण असतंच.

सगळं जमलं तरी आम्ही थेट कॅबिनेटमध्ये भरत नाही. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये एक काडी लावायची, २४ पिनांची आणि प्रोसेसरची वायर जोडायची, बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवायच्या. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावायचं. बायोस दिसला की मगच पुढे. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. वॉरंटीला बोर्ड परत करताना ते मागतात, आणि पिना वाकलेल्या असतील तर बोर्ड घेत नाहीत.

यादी पाठवताना दोन गोष्टी हमखास राहतात, त्या लिहा. एक, यूपीएस किती व्हीएचा (क्षमतेचा) आहे: ६०० व्हीएचा बहुतेक ३६० वॉटच देतो, त्यावर मॉनिटरसकट वर हिशोब केलेलं मशीन निघतं, पण मोठ्या कार्डाला १ केव्हीए हवा. दोन, मॉनिटरवर कोणतं पोर्ट आहे. जुन्याला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डाला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर (डिजिटल सिग्नल व्हीजीएत बदलणारा) लागेल, आणि वायर कार्डालाच लावायची, बोर्डाच्या पोर्टला नाही.